‘ए आई’ आणि ‘अहो बाबा’ : कुमारवय, आत्मसन्मान आणि जवळीक

पौगंडावस्था हा शब्द आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, परीक्षेच्या पेपरात लिहितो आणि घरी मात्र एकदाही उच्चारत नाही. घरी त्या वयाला वेगळी नावे आहेत. मुलगा असेल तर ‘हल्ली फार शेफारलाय’ आणि मुलगी असेल तर ‘मोठी झालीस आता, जरा नीट राहा’. बारा-तेरापासून अठरा-एकोणिसाव्या वर्षापर्यंतचा हा काळ. या काळात माणसाला दोन कामे करावी लागतात, असे विकासात्मक मानसशास्त्र सांगते. आपण कोण आहोत याचा शोध घ्यायचा आणि घराबाहेरच्या एखाद्या माणसाला आपल्या मनात जागा द्यायला शिकायचे. एरिक एरिक्सन याने १९५० साली मानवी जीवनाच्या आठ अवस्था मांडल्या, त्यात या दोन कामांचा क्रमही लावून दिला : आधी स्वत्वाची ओळख, मग जवळीक. ज्याला स्वतःचाच पत्ता ठाऊक नाही तो दुसऱ्याला घरी काय बोलावणार, असा त्याचा साधारण आशय. पुढे १९८२ साली कॅरोल गिलिगन या विदुषीने हरकत घेतली, की मुलींच्या बाबतीत ही दोन कामे अशी मागेपुढे होत नाहीत. मुलगी नात्यांमधूनच स्वतःला ओळखत जाते. मला स्वतःला गिलिगनबाईंचे म्हणणे अधिक पटते. पण तो वाद बाजूला ठेवू. दोघांनाही मान्य असलेली गोष्ट अशी, की जवळचे नाते जोडण्याची शक्ती कुणाला फुकट मिळत नाही. ती घरात तयार होते, किंवा घरात अडते.

वर्गात आपण पाहतोच. एखादी मुलगी नव्या बाकावर बसते आणि आठ दिवसांत शेजारणीची सुखदुःखे तिला ठाऊक होतात. दुसरी तीन वर्षे त्याच वर्गात असते, सर्वांशी हसून बोलते, पण तिच्या घरी कोण कोण आहे हे कुणालाच सांगता येत नाही. तिसरा एखादा मैत्रीत इतका गुंततो की मित्र एक दिवस दुसऱ्याबरोबर चहाला गेला तर याचे जेवण जात नाही. याला आपण ‘स्वभाव’ म्हणून मोकळे होतो. परंतु स्वभाव म्हणजे काय आणि तो कुठून आला, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा थोडा गोंधळ दूर केला पाहिजे. मराठीत ‘स्वाभिमान’ हा शब्द फार वापरला जातो. तो बहुधा दुसऱ्याने अपमान केला म्हणजे जागा होतो. भाषणात, मोर्चात, भांडणात त्याचे काम असते. ‘आत्मसन्मान’ ही निराळी वस्तू आहे. आजूबाजूला कुणी नसताना, दिवा मालवल्यावर, अंथरुणात पडून माणूस स्वतःविषयी जो विचार करतो तो आत्मसन्मान. स्वाभिमानाने पेटून उठणाऱ्या माणसाचा आत्मसन्मान पुष्कळदा अगदी तोळामासा असतो, आणि म्हणूनच तो एवढा पेटतो. ‘न्यूनगंड’ हा शब्द तर आपल्याकडे इतका रुळला आहे की दहावी नापास मुलाच्या बापाच्याही तोंडी असतो.

अमेरिकन विचारवंत विल्यम जेम्स याने १८९० साली आत्मसन्मानाचे एक गणितच मांडले : माणसाला मिळालेले यश भागिले त्याच्या अपेक्षा. म्हणजे यश वाढवले तरी सन्मान वाढतो आणि अपेक्षा कमी केल्या तरी वाढतो. गणित सुटसुटीत आहे, पण त्यात एक उणीव राहते. लहान मुलाच्या अपेक्षा तरी त्याच्या स्वतःच्या कुठे असतात? चार्ल्स कूली याने १९०२ साली ही उणीव भरून काढली. त्याच्या मते दुसऱ्यांच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो याची आपण जी कल्पना करतो, त्यातून आपली स्वतःविषयीची भावना बनते. दुसरी माणसे हा आपला आरसा. आता लहान मुलाच्या घरात किती आरसे असणार? आई, वडील, असली तर आजी. तेवढ्यात जे दिसेल ते खरे.

या विषयावरचा जो अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाचा. त्याचे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातील १० शाळांमधल्या ५,०२४ मुलामुलींना त्याने प्रश्न विचारले. आत्मसन्मान मोजण्यासाठी त्याने तयार केलेली १० विधानांची यादी आजही जगभर वापरली जाते. परंतु त्या पुस्तकातला खरा रस वेगळ्याच ठिकाणी आहे. आईवडिलांना आपल्यात रस आहे की नाही, हे मुलाला कशावरून कळते? रोझेनबर्गने त्यासाठी तीन साध्या गोष्टी निवडल्या. तुझे मित्र कोण हे आईला ठाऊक होते का? प्रगतिपुस्तक घरी नेल्यावर आईवडील काय करीत? आणि जेवताना घरची माणसे बोलत तेव्हा तुझ्या बोलण्याकडे कुणाचे लक्ष असे का?

उत्तरांतून जे निघाले ते विचार करायला लावणारे आहे. ज्यांच्याकडे घरात लक्षच दिले जात नव्हते त्या मुलांचा आत्मसन्मान सर्वांत कमी होता. वाईट गुणांबद्दल रागावणाऱ्या, शिक्षा करणाऱ्या आईवडिलांची मुलेसुद्धा त्यांच्यापेक्षा बऱ्या स्थितीत होती. म्हणजे राग हा सुद्धा एक प्रकारचा रस आहे. उदासीनता मात्र मुलाला आतून पोखरते.

आता हे तीन प्रश्न न्यूयॉर्कमधून उचलून भिवंडीत आणून पाहू.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे भिवंडी शहराची लोकसंख्या ७,०९,६६५. यंत्रमागांचे गाव म्हणून त्याची ख्याती. कामतघर, पद्मानगर, शांतीनगर, गैबीनगर, कुठेही राहा, भिंतीपलीकडे माग चालू असतो. मागावरची पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी असे चक्र पुष्कळ कारखान्यांत चालते, आणि मजुरी कापडाच्या मापावर, म्हणून सुटी म्हणजे नुकसान. मागाच्या खडखडाटात बोललेले शेजारच्यालाही ऐकू जात नाही. कारागीर हातवाऱ्यांनी बोलतात. बारा तास असे काढून आलेल्या माणसाला घरी आल्यावर बोलायचे राहत नाही, आणि ऐकायचे तर त्याहून नाही. माझे वडील मागावर आहेत, म्हणून हे मी ऐकीव लिहीत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी येतात तेव्हा आम्ही भावंडे बाहेर पडण्याच्या घाईत असतो आणि आम्ही परततो तेव्हा ‘आवाज करू नका, बाबा झोपलेत’ ही आईची सूचना दारातच भेटते. त्यातही आम्ही नशीबवान. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले हजारो कारागीर इथे भिशीत जेवतात, कारखान्याजवळच्या खोलीत आळीपाळीने झोपतात आणि त्यांची मुले गावी आईजवळ वाढतात. त्या मुलांच्या आयुष्यात वडील म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा, त्याच्या पिशवीत काय आहे एवढेच त्यांना ठाऊक.

तेव्हा रोझेनबर्गचा जेवणाचा प्रश्न इथे विचारायचा कसा? ताटे एकत्र वाढलीच जात नाहीत. प्रगतिपुस्तकाचा प्रश्न तर आणखी चमत्कारिक. ज्या घरात कुणाला वाचता येत नाही तिथे आईवडील प्रगतिपुस्तकावर काय प्रतिक्रिया देणार? अंगठा उठवणार. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील गुण वाचू शकत नसत. ते मला मोठ्याने वाचून दाखवायला सांगत आणि प्रत्येक विषयानंतर ‘कितीपैकी?’ एवढे एकच विचारीत. शंभरापैकी हे त्यांना ठाऊक होते, तरी दर वेळी विचारीत. पुस्तकी कसोटी लावली तर हा बाप ‘उदासीन’ या रकान्यात पडण्याची भीती आहे. आणि माझ्या मते या विषयावरच्या परदेशी अभ्यासांकडे पाहताना आपण सावध राहिले पाहिजे ते इथे. वेळ नसणे आणि रस नसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. मुलाला त्या सारख्या वाटू लागल्या की नुकसान होते. वाटू नयेत म्हणून बहुतेक घरांत एक माणूस राबत असते, ते म्हणजे आई. ‘बाबांनी विचारलं होतं तुझ्या परीक्षेचं’ हे वाक्य आयांनी किती वेळा खरे आणि किती वेळा पदरचे सांगितले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

आईचे नाव निघाले म्हणून एक भाषेची गोष्ट सांगते. मराठी घरात आपण आईला ‘ए आई’ म्हणतो आणि वडिलांना ‘अहो बाबा’. आई ‘तू’, बाबा ‘तुम्ही’. हिंदीभाषक मैत्रिणी आईलाही आदरार्थीच बोलतात. आपल्याकडे मात्र एकाच छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांपैकी एकाशी आपण कुशीतल्या भाषेत बोलतो आणि दुसऱ्याशी ओसरीवरच्या. ‘तुम्ही’ म्हणून मनातले सांगणे अशक्य नाही, पण अवघड आहे. ‘तुम्ही’ला अर्ज करता येतो, हट्ट करता येत नाही. त्यामुळे मराठी मुलगा किंवा मुलगी वडिलांकडे जाते ती आईच्या मार्फत : ‘तूच विचार ना बाबांना.’ आई अशी मध्यस्थ झाली, की वडिलांशी थेट भांडण होत नाही हे खरे, पण थेट समेटही होत नाही. अलीकडे शहरी घरांत ‘ए बाबा’ ऐकू येते. आमच्या चाळीत ते अजून कानाला खटकते. सर्वनाम बदलले म्हणजे नाते बदलतेच असे मी म्हणणार नाही. ‘अहो’ म्हणणाऱ्या कित्येक मुली बापाच्या लाडक्या असतात.

मुलांना वाढवण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण डायना बॉमरिंड हिने १९६० नंतरच्या दशकात केले. एक हुकूमशाही पद्धत : मी सांगतो म्हणून. दुसरी मोकाट सोडण्याची. तिसरी मधली, नियम पक्के पण नियमामागचे कारण सांगणारी आणि मुलाचे ऐकून घेणारी. १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथी जोडली, ती म्हणजे ना नियम ना माया. स्टॅन्ली कूपरस्मिथ याचा १९६७ सालचा अभ्यासही याच दिशेने जातो. मुलाला मनापासून आपले मानणे, मर्यादा स्पष्ट आखणे आणि त्या मर्यादेच्या आत त्याला मोकळीक देणे, या तीन गोष्टींचा आत्मसन्मानाशी संबंध त्याला आढळला. उलट घरची श्रीमंती किंवा मुलाचे रूप यांचा फारसा नाही. गरीब घरातल्या वाचकाला हे वाचून बरे वाटते. मात्र कूपरस्मिथने तपासलेली मुले दहा ते बारा वर्षांचे मुलगेच होते, मुली नव्हत्याच, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या वर्गीकरणात आपला ‘धाक’ कुठे बसवायचा? १९९४ साली रूथ चाओ या संशोधिकेने चिनी कुटुंबांविषयी लिहिताना दाखवून दिले, की तिथे आईचा कडकपणा मुलाला वळण लावण्याचा, म्हणजेच जिव्हाळ्याचा भाग मानला जातो. अमेरिकेत ज्याला हुकूमशाही म्हणतात त्याच चष्म्यातून त्याकडे पाहून चालणार नाही. आपल्याकडेही तसेच काहीसे आहे, पण एवढ्यावर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यात तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे वा शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना मारणारे खुद्द आईवडीलच होते. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. घरातल्या हाताला तो कायदा लागू नाही. सर्व मार ‘वळण’ म्हणून खपवता येणार नाही.

मग फरक कशाने पडतो? साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये याचे उत्तर आहे असे मला वाटते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण बालपणी रडण्यासाठी वाचतो आणि नंतर कपाटात ठेवतो. ते मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून पुन्हा वाचावे. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते. इथपर्यंत ती कुठल्याही कोकणी आईसारखीच. परंतु नंतर ती त्याच्यापाशी येते, त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिच्या डोळ्यांत पाणी येते आणि लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारले, हे ती त्याला समजावून सांगते. मारणारीच परत येते आणि कारण सांगते. माराचे समर्थन मी करीत नाही. पण ज्या घरात रागावलेला माणूस परत येतो, त्या घरातले मूल एक फार मोठी गोष्ट शिकते : भांडण झाले म्हणजे नाते संपत नाही. मोठेपणी मैत्रीत हेच तर लागते. जे मूल हे शिकले नाही ते मित्राच्या पहिल्या रागाला शेवटचा राग समजते.

त्याच पुस्तकातली अळणी भाजीची गोष्ट मला पोहण्याच्या गोष्टीहूनही मोठी वाटते. भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे. वडील एक अक्षर न बोलता, उलट भाजीची स्तुती करीत ती खातात. का, तर जिने एवढे कष्ट घेतले तिचे मन दुखू नये. मुले हे पाहत बसली आहेत. आपण आईवडील मुलाशी कसे वागतात एवढेच मोजतो. आईवडील एकमेकांशी कसे वागतात हा सुद्धा मुलाचा जवळीकतेचा पहिला धडा असतो. आमच्या चाळीत भिंती अर्ध्या विटेच्या आहेत. कुणाच्या घरी मिठावरून ताट भिरकावले गेले तर ते चार घरांच्या मुलांना कळते.

दुसरे पुस्तक म्हणजे उर्मिला पवार यांचे ‘आयदान’, २००३ साली प्रसिद्ध झालेले. लेखिका तिसरीत असतानाच वडील वारलेले. आई, म्हणजे ‘आये’, बांबूची आयदाने विणून घर चालवणारी, अबोल, मुलीला कुरवाळणारी वगैरे मुळीच नाही. बॉमरिंडबाईंच्या तक्त्यात ती कुठे पडेल, कोण जाणे. शाळेत गुरुजींनी या दलित मुलीला शेण काढायला सांगितले. तिने नकार दिला तेव्हा तिला मारले. हे कळल्यावर त्या अबोल बाईने गुरुजींना जाब विचारला : मी विधवा बाई इथे बसून विणते ती मुलगी शिकावी म्हणून, आणि तुम्ही तिला असे वागवता? आपली आई आपल्यासाठी गुरुजींपुढे उभी राहिली, ही गोष्ट त्या मुलीला पुढे आयुष्यभर पुरली, असे ते पुस्तक वाचताना वाटते. आत्मसन्मान देण्यासाठी गोड बोलावेच लागते असे नाही. ‘हे मूल माझे आहे आणि याला कमी लेखलेले मी चालवून घेणार नाही’ एवढे जगाला एकदा ठणकावून सांगितले तरी मुलाच्या पाठीचा कणा ताठ होतो. गरीब आईवडिलांना साहेबापुढे, शाळेपुढे, मालकापुढे असे उभे राहणे परवडत नाही, हे त्यातले दुःख आहे. मालकापुढे मान खाली घातलेला बाप ज्या मुलाने पाहिला, त्याच्या आरशाला तडा गेलेला असतो, आणि त्यात बापाचा दोष नसतो.

मुलींच्या बाबतीत तर हा आरसा जन्मापासूनच धूसर. वर उल्लेखिलेल्या २००७ च्या अहवालात ४८.४ टक्के मुलींनी ‘आपण मुलगा असतो तर बरे झाले असते’ असे सांगितले आहे. जवळजवळ निम्म्या! याहून स्पष्ट पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. साताऱ्याकडे नको असलेल्या मुलीचे नाव ‘नकुशी’ ठेवण्याची रीत होती. २०११ साली सातारा जिल्हा प्रशासनाने समारंभ करून दोनशेहून अधिक नकुशींची नावे बदलली. त्यातल्या काहींनी सिनेतारकांची नावे घेतली. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण विचार करा. शाळेत रोज हजेरीला ‘नकुशी’ अशी हाक आली की ‘हजर’ म्हणायचे. पंधरा वर्षे. पुढे कुणी प्रेमाने जवळ आले, मग ते मैत्रीण म्हणून असो की नवरा म्हणून, तर ‘मी याला हवी आहे’ यावर या मुलीचा विश्वास बसायचा कसा? आत्मसन्मान आणि जवळीक यांचा संबंध इथे अगदी उघडा दिसतो. ज्याला स्वतः हवेसे असण्याचा अनुभव नाही तो दुसऱ्याच्या प्रेमाकडे संशयाने पाहतो. किंवा मिळेल त्या प्रेमाला, मग ते कितीही खोटे असो, घट्ट धरून बसतो. सोळा-सतराव्या वर्षी मुली कुणाच्या तरी चार गोड मेसेजला भुलल्या की आपण मोबाईलला दोष देतो. तो मेसेज येण्याआधी त्या मुलीशी कितीजण गोड बोलले होते, हे कुणी विचारीत नाही.

इंग्लंडचे जॉन बोल्बी आणि त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी या सगळ्याचा उगम आणखी मागे, तान्हेपणात शोधला. एन्सवर्थबाईंनी १९५० नंतरच्या दशकात युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन आया आणि तान्ही मुले पाहिली, पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तेच काम नेटाने केले. मूल रडल्यावर आई येते, हा अनुभव ज्या मुलाला भरवशाने आला ते मूल धीट होते, आईपासून दूर जाऊन खेळते. जे मूल आईला सोडतच नाही ते लाडावलेले नसून घाबरलेले असते. १९८७ साली हॅझन आणि शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वृत्तपत्रात प्रेमाविषयी प्रश्नावली छापून याच तीन तऱ्हा मोठ्या माणसांत शोधल्या. ६२० वाचकांची उत्तरे त्यांनी तपासली. निम्म्याहून थोड्या अधिकांना जवळीक सहज जमत होती. बाकीचे एकतर जवळीक टाळत होते, नाहीतर ती सुटेल या धास्तीत जगत होते. वर्तमानपत्रातली प्रश्नावली ही काही तराजूवर तोललेली कसोटी नव्हे. पण आपल्या वर्गातले ते तीन नमुने, ज्यांचा मी प्रारंभी उल्लेख केला, ते डेन्व्हरमध्येही आहेत याची मला मोठी गंमत वाटली.

याचा अर्थ तान्हेपणी जे झाले ते कपाळावर लिहिले गेले, असा घेऊ नये. हॅरी स्टॅक सलिव्हन या मनोविकारतज्ज्ञाचे या संदर्भातले म्हणणे मला फार आवडते. त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली पुस्तकरूपाने आली. वयात येण्याच्या थोडे आधी मुलाला एक जिवलग मित्र मिळतो, मुलीला मैत्रीण. सगळी टोळी नव्हे, एकच. त्याच्यापाशी मूल प्रथमच सर्व काही बोलते आणि त्याला कळते की आपल्याला वाटते तसे यालाही वाटते. सलिव्हनच्या मते घरात झालेल्या जखमा या मैत्रीत पुष्कळशा भरून येऊ शकतात. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ मधली कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलांवर आहे. तिच्यातला मुकुंद मनातले बोलतो ते नरुमामाशी. आपल्याकडे हे मामाचे पद मोठे सोयीचे आहे. तो मोठा असतो पण बाप नसतो. त्याला ‘अरे मामा’ म्हणता येते. ज्या घरांनी गाव सोडून शहरात एका खोलीचा संसार मांडला, त्या घरांतून मामा, आत्या, आजी गावीच राहिली. म्हणून सगळा भार आईवर, आणि आई गोदामात पॅकिंगला किंवा घरोघरी कामाला.

आत्मसन्मान आधी की चांगली नाती आधी, यावरही खूप खल झाला आहे. २०२० साली हॅरिस आणि ऑर्थ यांनी पन्नासाहून अधिक दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. उत्तर असे निघाले, की दोन्ही एकमेकांना वाढवतात. ज्याला स्वतःविषयी बरे वाटते त्याची नाती पुढे सुधारतात आणि ज्याला चांगली नाती लाभतात त्याला पुढे स्वतःविषयी बरे वाटू लागते. परिणाम लहान आहेत, पण दोन्ही दिशांनी आहेत. म्हणजे या चक्रात कुठूनही शिरता येते. घरातून नाही जमले तर मैत्रीतून, मैत्रीतून नाही तर एखाद्या शिक्षकाच्या दोन शब्दांतून. ज्यांना यातले काहीच लाभले नाही, त्यांनी समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. भिवंडीहून ठाणे दूर नाही, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली ‘आयपीएच’ ही संस्था तिथेच आहे.

राहिला रोझेनबर्गचा पहिला प्रश्न : तुझे मित्र कोण, हे घरी ठाऊक आहे का? भिवंडीत या प्रश्नाला एक जास्तीची बाजू आहे. इथे मित्राचे नाव सांगितले की मोहल्लाही कळतो. १९७० आणि १९८४ च्या दंगली आमच्या आजी-आजोबांनी पाहिल्या, आणि भीतीही आईवडिलांकडून मुलांकडे वारशाने येतेच. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांच्या शेजाऱ्यांनी एकत्र बसायचे, एकमेकांना नावाने ओळखायचे, एवढीच त्यांची मुख्य युक्ती. आणि डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. मोठ्या माणसांच्या बैठकीला जे साधले ते शाळा-कॉलेजच्या बाकावर रोज साधण्यासारखे आहे, पण तिथे घर आडवे येते. दुसऱ्या मोहल्ल्यातली मैत्रीण असली की मुली घरी तिचे नाव अर्धे सांगतात, आडनाव सांगत नाहीत. ‘कॉलेजातली एक’ म्हणून वेळ मारून नेतात. जी मैत्री घरी सांगता येत नाही ती मैत्री मुलगी लपवते, आणि लपवायची सवय लागली की तिचा तो भागच घराला कायमचा अनोळखी होतो. माझ्या एका मैत्रिणीने बारावीत धीर करून पूर्ण नाव सांगितले. तिची आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘तिला दुपारी जेवायला आण. मटण खाते का विचार.’